बसलेल्या माणसावर नाही

पोलीस प्रशिक्षण शाळेत त्यांना सगळेच मास्तर म्हणायचे. शिपाई म्हणायचे, स्वयंपाकी म्हणायचा, आणि ज्यांनी हुद्द्याने हाक मारायला हवी ते साहेबही म्हणायचे. माणूस काटकुळा, ताठ, इस्त्रीच्या घडीसारखा. घरीसुद्धा वर्तमानपत्र वाचून झालं की त्याची अशी घडी घालायचे की आज आलंय की परवा, ते ओळखू येऊ नये. त्यांची बायको म्हणायची, "यांच्या अंगात हाडं नाहीत, फूटपट्ट्या आहेत."

मास्तर मुळात रस्त्यावरच्या पोलिसांतले. बढती अगदी तोंडाशी आली असताना त्यांनी स्वतःहून अर्ज करून शाळेवर बदली मागितली. शाळेवर बदली म्हणजे अडगळीत पडणं, असं तेव्हा मानत. बरोबरीचे लोक म्हणाले, याचं डोकं फिरलंय. मास्तरांनी कुणाला कारण सांगितलं नाही, आणि पुढे बावीस वर्षं त्या मैदानावर शिट्टी फुंकली.

कवायत शिकवायचे, गर्दी कशी हाताळायची ते शिकवायचे. पण त्यांचा खास विषय म्हणजे पेपर स्प्रे. पट्ट्याला अडकवायची काळी डबी, दाढीच्या फेसाच्या डबीहून थोडी लहान. आत तेलात मुरवलेला मिरचीचा अर्क. डोळ्यात गेला की माणूस पाऊण तास जगातून उठतो. मास्तरांचा नियम असा की, आधी आपल्या डोळ्यात, मग दुसऱ्याच्या. शाळेच्या मागच्या अंगाला नळ होता. तिथे प्रत्येक उमेदवाराने उघड्या डोळ्यांनी उभं राहायचं, तीन मीटरवरून एक सेकंद फवारा घ्यायचा, आणि मग आपला नंबर मोठ्याने म्हणत वीस पावलं चालत नळापर्यंत जायचं. पहिला फवारा दर वर्षी मास्तर स्वतः घ्यायचे. बावीस वर्षांत बावीस वेळा. त्या संध्याकाळी घरी आले की डोळे टोमॅटोसारखे, आणि बायको दारातच अडवायची, "आधी न्हाणीघरात. कपडे बाहेर. उशीला हात लावलात तर बघा."

शिकवण्यासाठी त्यांनी दोन पानं लिहिली होती. पहिल्या पानावर डबी कशी वापरायची ते. दुसऱ्या पानावर कधी वापरायची नाही ते. लहान मुलावर नाही. जिन्यात किंवा उंचावर नाही. हात पोहोचेल इतक्या जवळून नाही. आणि शेवटचं, बसलेल्या माणसावर नाही. बसलेला माणूस उचलायचा असतो. पहिली तीन कलमं डबी बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत होती. चौथं नव्हतं. ते मास्तरांनी कुठून आणलं, हे कुणी विचारलं नाही.

एका उमेदवाराने एकदा विचारलं होतं, "मास्तर, बसलेला माणूस दीडशे किलोचा असला तर?"

"मग चौघांनी उचला. सरकारने तुला एकट्याला भरती केलेलं नाही."

त्यांच्या शेवटच्या तुकडीत एक जण होता, त्याचं नाव मास्तरांनी 'पहिला' ठेवलं. धावण्यात पहिला, परीक्षेत पहिला, जेवणाच्या रांगेतही पहिला. फवारा घेतल्यावर बाकीचे आईच्या नावाने ओरडत इकडेतिकडे आपटत असताना हा नंबर म्हणत सरळ नळापर्यंत गेला, तोंड धुतलं, आणि डोळे धड उघडत नसताना परत येऊन पुढच्याचा हात धरून त्याला नळाकडे घेऊन गेला. मास्तर कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. पण त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणाले, "एक पोरगा चांगला निघाला बघ."

बायकोलाही कुणी नावाने हाक मारत नसे. गावच्या रुग्णालयातल्या प्रसूती विभागात चौतीस वर्षं काढलेली, त्यामुळे ती सगळ्यांची सिस्टर. ठेंगणी, गोल, बोलायला फटकळ. बाजारात भाजी घेताना निम्मी बायकामाणसं तिला ओळखायची, आणि ती त्यांना चेहऱ्याने नाही, बाळंतपणाने ओळखायची. "ही पायाळू मुलगी झालेली. ही एकवीस तास अडलेली." मास्तर निवृत्त झाले आणि पाठोपाठ दोन वर्षांनी तीही झाली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, पण दिवसभर एकमेकांसमोर असण्याची दोघांनाही सवय नव्हती. मास्तर स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायला लागले, तेव्हा सिस्टर म्हणाली, "अहो, तुम्ही रोज दोन तास कुठेतरी जात जा. कुठेही. मी विचारणार नाही."

पण झालं उलटंच. बाहेर जायला लागली ती सिस्टर.

रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद करून वीस किलोमीटरवरच्या मोठ्या इस्पितळात हलवायचा, असा हुकूम निघाला होता. कागदावर ते सोयीचं दिसत असणार. सिस्टर म्हणाली, "कळा काय वेळापत्रक बघून येतात? वीस किलोमीटरमध्ये मी गाडीत तीन बाळंतपणं केलीत, आणि एक बाई गमावलीय." पाच-सहा जुन्या परिचारिका, काही तरुण लेकुरवाळ्या, दोन-तीन म्हाताऱ्या, अशा तीसएक जणी रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या फरसबंद चौकात रोज सकाळी दहा ते दुपारी चार बसायला लागल्या. घोषणा नाहीत, भोंगे नाहीत. एक कापडी फलक, आणि बहुतेकींच्या हातात विणकाम.

मास्तरांना हे आवडलं नाही. विभाग बंद व्हावा असं त्यांनाही वाटत नव्हतं; पण ज्याचं आयुष्य पोलिसात गेलं त्याची बायको रस्त्यावर बसते, हे त्यांना कसंसंच वाटायचं. तोंडाने मात्र एवढंच म्हणाले, "बसताय तर नीट बसा. रुग्णवाहिकेला वाट पाहिजे." आणि तिसऱ्या दिवशी चुन्याची बादली आणि टेप घेऊन स्वतः तिथे गेले आणि साडेतीन मीटर रुंदीच्या दोन पांढऱ्या रेघा फाटकापर्यंत मारून आले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांचे कान लाल झाले.

अकराव्या दिवशी सिस्टर रक्तदाबाची गोळी घरी विसरली. मास्तरांनी ती साडेअकराला ओट्यावर पाहिली, खिशात टाकली आणि निघाले. दीड महिन्यापूर्वीच सिस्टरच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ऊन लागू नये म्हणून दिलेला काळा चष्माही ओट्यावरच राहिला होता, तोही घेतला.

चौकाच्या अलीकडच्या वळणावरच त्यांना खोकला आला. घशात खवखव सुरू झाली, आणि दुसऱ्या श्वासाला त्यांनी ओळखलं. बावीस वर्षांची ओळख होती. ते धावायला लागले.

चौकात पोलिसांच्या दोन गाड्या होत्या. बायका होत्या तिथेच होत्या, पण आता कुणी वाकून, कुणी फरशीवर कपाळ टेकवून, कुणी पदराने डोळे चोळत. एक तरुण आई दमेकरी होती, तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पानवाला कुठूनतरी दुधाच्या पिशव्या घेऊन धावत आला होता.

"डोळे चोळू नका!" मास्तर मैदानावरच्या आवाजात ओरडले. "कुणी चोळायचे नाहीत! दूध नको, पाणी आणा, बादल्या भरून. वाऱ्याकडे तोंड करा. उघडझाप करा, उघडझाप! हिला आत न्या, आधी हिला!"

आवाजात काय असतं कोण जाणे, पण बायकांनी ऐकलं. दोन शिपाईसुद्धा सवयीने बादल्या आणायला धावले.

सिस्टर दुसऱ्या रांगेत होती. मांडी घालून ताठ बसलेली, डोळे गच्च मिटलेले, चेहरा नारिंगी तेलाने माखलेला. मास्तरांनी तिच्या डोक्यावर पाणी ओतायला सुरुवात केली.

"आलात?" ती म्हणाली. "गोळी आणलीत का?"

"आणली. डोळे उघड."

"डावा उघडेन. उजवा उघडत नाहीये."

तेव्हा मास्तरांनी मान वर केली, आणि चार हातांवर त्यांना पहिला दिसला. अंगावर उपनिरीक्षकाचे स्टार, हातात डबी. मास्तरांची नजर मिळताच त्याच्या टाचा जुळल्या आणि हात कपाळाला गेला. डबी त्याच हातात होती. सलाम पुरा झाल्यावर त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याने हात पाठीमागे घेतला.

"मास्तर, तुम्ही इथे?"

"किती अंतरावरून?"

"वरून ऑर्डर होती, मास्तर. बारा वाजता मंत्री येणारेत, रुग्णालयाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला. त्याआधी चौक..."

"ऑर्डर नाही विचारली. अंतर विचारलं."

पहिल्याने खाली बघितलं. "एक मीटर असेल."

बादली रिकामी झाली होती, ती भरायला मास्तर गेले.

काय झालं होतं ते सिस्टरने नंतर सांगितलं. पोलीस आले, म्हणाले उठा. बायका म्हणाल्या, उठत नाही, हवं तर उचला. आणि हातात हात गुंफले. पाच मिनिटं वायरलेसवर काहीतरी बोलणं झालं. मग एक जण रांगेसमोरून चालत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेकीच्या तोंडावर फवारत. "रागातसुद्धा नव्हता हो," सिस्टर म्हणाली. "ढेकणांवर औषध मारतात ना, खाटेच्या कडेकडेने, तसं."

डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, बुबुळावरचा पापुद्रा सोलवटलाय, नवं ऑपरेशन असल्यामुळे जास्त. बरं होईल, पण वेळ लागेल, आणि पूर्वीसारखं स्वच्छ दिसेलच असं सांगता येत नाही. दिवसातून सहा वेळा थेंब. थेंब घालायचं काम मास्तरांकडे आलं. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना हात स्थिर ठेवायला शिकवलं त्याचा हात आता थरथरायचा, आणि निम्मे थेंब गालावर पडायचे.

तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात पोलीस खात्याचं निवेदन आलं. जमाव आक्रमक होता. रुग्णवाहिकेचा मार्ग अडवला होता. 'विहित प्रशिक्षणानुसार किमान बळाचा' वापर करण्यात आला. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. आक्रमक जमाव वाचून त्यांना राग आला नाही. अशी वाक्यं खात्यात तयारच असतात, तारीख बदलून वापरतात. पण 'विहित प्रशिक्षणानुसार' हे दोन शब्द त्यांना गिळवेनात. ते प्रशिक्षण म्हणजे ते स्वतः होते.

त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली नाही. सदरा चढवला आणि थेट शाळेवर गेले.

त्यांच्या जागेवर आलेला नवा शिक्षक भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, पंखा लावला, आणि विचारल्यावर कपाटातून हल्लीची टिपणं काढून दिली. एकच पान होतं. वापरायचं कसं ते.

"दुसरं पान?"

नवा शिक्षक ओशाळला. "तीन दिवसांचा अभ्यासक्रम होता तो अर्ध्या दिवसावर आणला, मास्तर. मग वरून सांगितलं, एका पानात बसवा. आणि ते डोळ्यात घेणंही बंद केलं. पोरं रजा टाकायची."

"आणि माझी जुनी पानं?"

"अभिलेख खोलीत असतील. सहीनिशी. कुणी फाडायला गेलेलं नाही, आणि वाचायलाही."

गाजावाजा बराच झाला होता, म्हणून चौकशी बसली. एक निवृत्त न्यायाधीश बाई नेमल्या गेल्या. मास्तरांनी आपणहून पत्र लिहिलं की, मला साक्ष द्यायची आहे. ते पत्र पोहोचलं त्याच आठवड्यात दोन जुने सहकारी घरी येऊन गेले. चहा प्याले, गुडघेदुखीच्या गप्पा मारल्या, आणि निघताना दारात म्हणाले, "मास्तर, आपल्याच पानात घाण कशाला? टिपणं जरा मोघम होती म्हणालात की भागतंय. पोरगाही सुटेल, खातंही." मास्तर म्हणाले, "माझी टिपणं मोघम? बावीस वर्षांत स्वल्पविराम चुकला नाही माझा." सहकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि चपला घातल्या.

मग एका संध्याकाळी पाचच्या सुमाराला पहिला आला. गणवेशात नव्हता. दारात उभा राहिला, आत ये म्हणेपर्यंत आला नाही. मास्तरांनी मुद्दाम म्हटलं नाही. सिस्टरनेच आतून विचारलं, "कोण आहे?"

"मी... त्या दिवशी चौकात होतो, बाई."

"चौकात बरेच होते. तू कोण?"

"ज्याने फवारलं तो."

सिस्टर म्हणाली, "आत ये. हात धू. साबणाने."

तो हात धुऊन आला. सिस्टरने खुर्चीवर मान मागे टाकली आणि टेबलावरची बाटली दाखवली. "यांचा हात थरथरतो. तुझा स्थिर आहे, ते मी पाहिलंय. दोन थेंब. बाटलीचं तोंड पापणीला टेकवायचं नाही."

पहिल्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते. त्याने पापणी खाली ओढली, दोन थेंब टाकले. एकही गालावर पडला नाही.

"जमतंय की," सिस्टर म्हणाली, आणि डोळा मिटून घेतला. "आता बस आणि बोल. रडू नकोस, मला रडके पुरुष आवडत नाहीत, बाळंतपणाच्या खोलीबाहेर पुष्कळ पाहिलेत."

त्याने सांगितलं. उपायुक्तांनी वायरलेसवर तीनदा विचारलं, चौक मोकळा झाला का. त्याने कळवलं, महिला शिपाई पाठवा, उचलून हलवतो, अर्धा तास लागेल. उत्तर आलं, अर्धा तास नाही, दहा मिनिटं आहेत, डबी कशाला दिलीय. "मला ते कलम आठवलं, मास्तर. खरंच आठवलं. चौथं. आणि तरी मी... पहिल्या बाईवर मारलं आणि मग थांबताच येईना. थांबलो असतो तर पहिलीवर का मारलं, हे स्वतःला सांगावं लागलं असतं."

मास्तर पहिल्यांदाच त्याच्याकडे वळले. "मी तुझ्याबद्दल खरं तेच सांगणार आहे. तुला शिकवलं होतं, तुला येत होतं, असंच सांगणार."

"माहीत आहे."

"तू वायरलेसचं सांग."

"मग मी खात्यातून संपलो, मास्तर."

"नाही सांगितलंस तरी संपलासच. फरक एवढाच, की मग एकटाच."

जाताना त्याने दोघांनाही वाकून नमस्कार केला नाही, माफीही मागितली नाही. सिस्टर नंतर म्हणाली, बरं झालं. मागितली असती तर आपल्याला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

चौकशी नगर कचेरीच्या जुन्या सभागृहात झाली. लाकडी बाकं, करकरणारा पंखा, आणि मागच्या रांगेत त्या चौकातल्या बायका, विणकामासकट. सिस्टर काळा चष्मा लावून पुढच्या बाकावर. मास्तरांनी उभ्यानेच साक्ष दिली. खुर्ची दिली होती, ती त्यांनी बाजूला सरकवली. अभिलेख खोलीतून मागवलेली दोन पानं न्यायाधीश बाईंनी वाचून घेतली. चुन्याच्या रेघांविषयी विचारलं. रुंदी किती, कशी मोजली, त्या दिवशी शाबूत होत्या का. मास्तरांनी आकडे सांगितले. रुग्णवाहिका अडवल्याचा मुद्दा तिथेच विरला, कारण त्या अकरा दिवसांत आलेल्या प्रत्येक रुग्णवाहिकेची वेळ फाटकावरच्या रखवालदाराच्या वहीत होती आणि एकही थांबली नव्हती.

मग खात्याचे वकील उठले. गोड बोलणारे गृहस्थ होते.

"आपली पत्नी त्या जमावात होती?"

"होती."

"म्हणजे आपण या प्रकरणात तटस्थ नाही."

"नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, पान वाचा. पान माझ्या बायकोच्या आधीपासून तिथे बसलंय."

मागे हसू फुटलं. वकीलही हसले, आणि त्यांनी पुस्तिका उचलली. "ठीक. पानच वाचू. पहिली तीन कलमं कंपनीच्या पुस्तिकेत आहेत. चौथं नाही. कायद्यात नाही, नियमावलीत नाही. बसलेल्या माणसावर नाही, हे आपण कशाच्या आधारावर लिहिलंत? की ते आपलं वैयक्तिक मत?"

'अनुभवावरून' म्हटलं असतं तरी भागलं असतं. वकिलांनाही तेच उत्तर अपेक्षित असावं. सिस्टरने मान वर केली, कारण मास्तर उत्तराला वेळ लावत नाहीत, हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं.

"मी एकदा मारला होता," मास्तर म्हणाले.

"काय म्हणालात?"

"बसलेल्या माणसावर. डब्या नव्या आल्या होत्या त्या वर्षी. काचेच्या कारखान्याच्या फाटकासमोर कामगार बसले होते. मला हटवायला सांगितलं. समोर एक जण होता, तपकिरी टोपीवाला. मी म्हणालो ऊठ. तो म्हणाला, साहेब, गुडघा धरलाय, हात द्या, उठतो. मला वाटलं चेष्टा करतोय. मी हात दिला नाही. डबी काढली. नंतर दोघांनी त्याला उचललं, तेव्हा त्याचा गुडघा खरंच वाकत नव्हता. महिन्याभरात मी शाळेवर बदली मागितली. चौथं कलम तिथून आलंय. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

वकील खाली बसले. न्यायाधीश बाईंनी लिहून घेतलं आणि विचारलं, "त्या माणसाचं नाव?"

"मी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्याची साक्ष झाली. त्याने वायरलेसचं सांगितलं. आधी खातं कानावर हात ठेवून होतं. मग ध्वनिमुद्रण निघालं, आणि त्यात 'डबी कशाला दिलीय' हे स्पष्ट ऐकू आलं.

अहवाल चार महिन्यांनी आला. फवारा अनावश्यक आणि नियमबाह्य ठरला. उपायुक्तांना रस्त्यावरच्या कामातून काढून कचेरीत बसवलं. पहिल्याला आठ महिन्यांचं निलंबन आणि एक पायरी खाली. तो परत रुजू झाला, पण पोलिसात फार टिकला नाही. पुढे अग्निशमन दलात गेला असं मास्तरांच्या कानावर आलं. दुसरं पान प्रशिक्षणात परत घालायचा आदेश निघाला. आणि प्रसूती विभाग? तो बंद झाला नाही, पण चोवीस खाटांच्या दहा झाल्या. सिस्टर म्हणाली, "लढाई जिंकली म्हणायचं की हरली, ते चौदा बायकांना विचारा." तिचा उजवा डोळा वाचला. फक्त संध्याकाळी दिव्यांभोवती तिला वलयं दिसतात, ती कायमची.

पण ही सगळी नंतरची गोष्ट. साक्षीच्या दिवशी बस सोडून ते घरी चालत निघाले होते. अर्धा रस्ता झाल्यावर तिने विचारलं, "गुडघा कुठला होता?"

"काय?"

"त्या माणसाचा. उजवा की डावा?"

"डावा."

"पंचवीस वर्षं तुम्ही माझ्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवलीत, आणि मला वाटायचं तुम्हाला काही लपवताच येत नाही." ती थोडी पुढे गेली आणि थांबली. "त्याला शोधायचं."

"इतक्या वर्षांनी?"

"रेघा मारायला टेप घेऊन गेला होतात ना? मग एक माणूस सापडणार नाही?"

शोधायला पाच आठवडे लागले. काचेचा कारखाना कधीच बंद पडला होता, पण त्याच्या निवृत्त कामगारांची एक मंडळी दर महिन्याला जमायची. तपकिरी टोपी आणि धरलेला डावा गुडघा, एवढ्यावर तिथल्या एका म्हाताऱ्याने लगेच सांगितलं, तो तर भट्टीवाला. स्टेशनामागे कात्र्यांना धार लावतो.

दुकान म्हणजे एक खिडकी आणि धार लावायचं एक चाक. भट्टीवाला सत्तरीचा, टोपी नव्हती, डावा पाय लांब करून स्टुलावर बसला होता. मास्तरांनी वाक्यं घरून पाठ करून आणली होती. ती त्यांनी एका दमात म्हणून टाकली. कारखान्याचं फाटक, तो दिवस, मीच तो.

भट्टीवाल्याने कात्री खाली ठेवली आणि त्यांना न्याहाळलं. "चेहरा काही ओळखीचा वाटत नाही. पण वाटणार कसा? डोळे मिटलेले होते माझे." मग थोडा विचार करून म्हणाला, "त्या दिवशी दोन पोलीस होते. एकाने फवारलं. दुसऱ्याने नंतर मगभर पाणी आणून माझ्या डोळ्यांवर ओतलं, साहेबांची नजर चुकवून. तुम्ही कुठले?"

"फवारणारा."

"अरेरे." भट्टीवाला खरोखर हिरमुसला. "पाणीवाला आला असता तर बरं झालं असतं. त्याला चहा पाजायचा राहून गेलाय माझा."

मास्तर सावधान उभे राहावं तसे उभे होते. सिस्टर मात्र एव्हाना आत शिरून त्याच्या गुडघ्याजवळ वाकली होती आणि कुठे दुखतं ते विचारत होती.

"तुम्ही डॉक्टर का, बाई?"

"नाही. यांची बायको. ह्यांना पाणी आणायला सांगू का?"

भट्टीवाला हसला, खोकला, आणि परत हसला. मग हाताने कोपऱ्यातलं रिकामं स्टूल मास्तरांकडे ढकललं. "उभे का? बसा. पण एक सांगतो, माफ-बिफ केलं असं काही मी म्हणणार नाही. मला अजून तसं वाटलेलं नाही."

"नका म्हणू," मास्तर म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

चहा सिस्टरनेच समोरच्या टपरीवरून सांगितला. तिघांसाठी. येताना तिची शिवणाची कात्री पिशवीत होती. तीही तिने धार लावायला दिली.